पानांचा रंग आणि द्रव्याची ओळख

युरोप-अमेरिकेत शरद ऋतू म्हटला की लाल-पिवळ्या पानांची वने डोळ्यांसमोर येतात. आपल्या ऋतुचर्येतील शरद मात्र पित्तप्रकोपाचा, आश्विन-कार्तिकातील तीव्र उन्हाचा. त्या वेळी रत्नागिरीची झाडी हिरवीच असते. आपल्याकडे पानांचा रंगोत्सव शिशिरात आरंभतो आणि वसंतात पूर्णत्वास जातो.

शिशिरात देशी बदामाची पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात. पान जून झाले की हरितद्रव्याचे विघटन होते, दडलेली पिवळी द्रव्ये प्रकट होतात आणि अँथोसायनिन हे लाल द्रव्य नव्याने निर्माण होते. वसंतात क्रम उलटा असतो. कोशिंबाची, म्हणजे ग्रंथोक्त कोशाम्राची, कोवळी पालवी इतकी लाल असते की दुरून झाड फुलल्याचाच भास व्हावा. पिंपळ व आंबा यांची पालवीही तांबूस असते. हरितद्रव्य पुरेसे तयार होईपर्यंत हा लाल रंग कोवळ्या पानाचे प्रखर उन्हापासून रक्षण करतो, असे मानले जाते.

वैद्याला या रंगांचा उपयोग केवळ नेत्रसुखापुरता नाही. खऱ्या अशोकाची, अर्थात सीतेच्या अशोकाची, नवी पाने तांबूस, मऊ व खाली लोंबणारी असतात. बाजारात अशोकाची साल म्हणून पुष्कळदा कुंपणालगत लावल्या जाणाऱ्या उंच, खोट्या अशोकाची साल येते. त्याचीही पालवी तांबूसच. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त, पर्णिका जोडीजोडीने व फुले केशरी-लाल. खोट्याचे पान साधे, नागमोडी कडांचे व फुले हिरवट. अर्जुन आणि ऐन या दोहोंनाही 'सादडा' म्हणण्याचा प्रघात असल्याने तेथेही घोटाळा होतो. अर्जुनाची साल पांढुरकी, गुळगुळीत. ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. सालीचे तुकडे होऊन पोत्यात भरल्यावर पान पाहावयास मिळत नाही; ओळख झाडापाशीच पटवावी लागते.

वाळवून दाबलेल्या नमुन्यात पानाचा मूळ रंग टिकत नाही. ही उणीव छायाचित्र भरून काढते. सकाळच्या तिरप्या उन्हात, पानामागून प्रकाश येईल असे उभे राहावे. रंग व शिरा दोन्ही स्पष्ट उमटतात. संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, साल आणि फूल वा फळ अशी चित्रे घ्यावीत; शेजारी मोजपट्टी ठेवावी; दिनांक व स्थळ नोंदवावे. पान तोडण्याची आवश्यकता नाही.

जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत खरा अशोक 'असुरक्षित' वर्गात आहे. अशा स्थितीत प्रत्येक वैद्याने आपल्या परिसरातील एका तरी औषधी वृक्षाची ऋतुनिहाय चित्रमालिका करावी, आणि औषधी दुकानदारांनी साल विकत घेताना ज्या झाडाची ती आहे त्याची छायाचित्रे पुरवठादाराकडे आग्रहाने मागावीत. द्रव्यच खोटे असेल, तर निदान अचूक असूनही चिकित्सा निष्फळ ठरते.