भाडं येतं, पण भिंतींचं काय?

पहिला फ्लॅट राहायला, दुसरा ‘इन्व्हेस्टमेंट’! आयटीत चार-पाच वर्षं काढली की हा फंडा ठरलेलाच. वाकड, बाणेर नाहीतर खराडीत बुकिंग करायचं, पझेशन मिळताच भाडेकरू ठेवायचा आणि निम्मा ईएमआय परस्पर सुटला म्हणून खूश व्हायचं. हे सुख साधारण अकरा महिने टिकतं. मग ॲग्रीमेंट संपतं, किल्ल्या हातात येतात आणि दार उघडताच नाक मुठीत धरायची वेळ येते.

हा वास येतो बाथरूमच्या जाळीतून. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठलेलं असतं. ड्रेनेजचा वास आणि झुरळं तेच अडवतं. घर बरेच दिवस बंद राहिलं की ते सुकतं. उपाय अगदी फुकटातला. फ्लॅट रिकामा असेल तर दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा, खिडक्या उघडा आणि प्रत्येक जाळीत दोन-तीन तांबे पाणी ओता.

पुढचा व्हिलन म्हणजे बोअर आणि टँकरचं जड पाणी. त्यातले क्षार नळांवर आणि टाइल्सवर पांढरे थर चढवतात, गीझरच्या कॉइललाही सोडत नाहीत. ‘ॲसिड मारा, चकाचक होईल’ असं सगळेच सांगतात. होतंही! पण ॲसिड टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही खातं. सांधे उघडे पडले की पाणी झिरपतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल धरते. मग काका फोन करतात ते तुम्हाला, भाडेकरूला नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीने करायची, पण तुमच्या बाथरूमची गळती मात्र तुमच्याच खिशातून. तेव्हा ॲसिडऐवजी व्हिनेगर किंवा लिंबू, तेही थोडा वेळच, आणि दर भाडेकरूनंतर सांध्यांची पाहणी मस्ट!

खरं टेन्शन असतं ते डिपॉझिटचं. भिंतीचा रंग फिका पडणं ही रोजची झीज, पण भिंतीला पडलेली दहा भोकं हे नुकसान. ही रेघ आधी आखली नाही तर शेवटच्या दिवशी भांडण ठरलेलं. म्हणून किल्ल्या देतानाच दोघांनी मिळून घर फिरायचं, फोटो काढायचे, यादी करून सह्या करायच्या आणि ती यादी कराराला जोडायची.

आणि बॉस, करार रजिस्टर केलाय ना? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. चुकवली तर ५,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय रजिस्टर्ड करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करायचं काम तुमचं!

राहिला पैशांचा प्रश्न. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो. ही सवलत बहुतेक जण घेतात, पण घरावर खर्च करायचं विसरतात. दर महिन्याला त्यातलं थोडं वेगळ्या खात्यात टाका. प्लंबर आला की पाकीट चाचपावं लागणार नाही.

शेवटी, तुमचा भाडेकरूही तुमच्यासारखाच नऊ ते नऊ राबून घरी येतो. गळका नळ पहिल्याच फोनवर दुरुस्त करून दिलात, तर बाथरूम घासून ठेवायला त्यालाही हुरूप येईल.