संगणकाच्या रॅममधील स्मृतिचिपची ओळख : ओव्हरक्लॉकिंगच्या संदर्भात

प्रस्तावना :

संगणकाची रॅम खरेदी करताना आपण साधारणतः नाव, क्षमता व वेग एवढे तीन तपशील पाहतो. महाविद्यालयीन खरेदीच्या दरपत्रकातही ‘१६ जीबी, डीडीआर४, ३२००’ एवढाच उल्लेख असतो. परंतु लेबलावरील नाव हे बहुधा मॉड्यूल जुळविणाऱ्या कंपनीचे असते. त्यावरील काळ्या चिप ज्या कारखान्यात घडल्या, त्याचे नसते. कोर्सेअर, जी.स्किल, किंग्स्टन या कंपन्या स्मृतिचिप स्वतः घडवीत नाहीत. त्या प्रामुख्याने सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन उत्पादकांकडून घेतल्या जातात. चहाच्या पुड्यावर पुडा भरणाऱ्याचे नाव असते, मळ्याचे नसते, तसाच हा प्रकार होय. नेहमीच्या वापरात यामुळे काही बिघडत नाही. प्रमाणित वेगास कोणतीही चांगली चिप चालते. मात्र रॅम त्या वेगाच्या पलीकडे न्यावयाची झाल्यास, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग करावयाचे झाल्यास, मळा ठाऊक असावा लागतो. ही ओळख कशी पटवावी आणि तिच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चिप बदलली की काय बदलते? :

डीरॅमच्या प्रत्येक पेशीत एक ट्रान्झिस्टर व एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले. कपॅसिटरमधील विद्युतभार सतत गळतो, म्हणून सामान्य तापमानात सर्व पेशींचे ६४ मिलिसेकंदांच्या आत पुनर्भारण करावे लागते. ओळ उघडणे, स्तंभ वाचणे, ओळ बंद करणे या प्रत्येक क्रियेस काही नॅनोसेकंद लागतात. लेबलावरील ‘१६-१८-१८-३८’ यांसारखे आकडे याच क्रियांशी संबंधित असतात. येथे पुष्कळांची फसगत होते. हे आकडे घड्याळाच्या आवर्तनांचे आहेत, वेळेचे नाहीत. डीडीआर४-३२०० चे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे, म्हणजे एक आवर्तन ०.६२५ नॅनोसेकंदांचे. जेडेक मानकानुसार या वेगास प्रचलित असलेल्या २२ आवर्तनांचा काळ १३.७५ नॅनोसेकंद होतो. १६ आवर्तनांचा १० आणि १४ आवर्तनांचा ८.७५. उलट ३६०० वेगास १६ आवर्तने म्हणजे सुमारे ८.९ नॅनोसेकंद. अर्थात ‘३२००-१४’ व ‘३६००-१६’ ही दोन लेबले दिसावयास भिन्न असली, तरी चिपकडून त्यांची मागणी जवळपास सारखीच आहे.

ही मागणी कोणती चिप पुरवू शकेल, हे तिच्या आराखड्यावर व निर्मितिप्रक्रियेवर अवलंबून असते. एकच उत्पादक एकाच क्षमतेच्या चिपचे आराखडे वेळोवेळी बदलतो. त्यांस ‘डाय आवृत्ती’ म्हणता येईल. ग्रंथपाल मुखपृष्ठावर न थांबता आतील पृष्ठावरील आवृत्ती पाहतो. येथेही दृष्टी तीच ठेवावी लागते.

सॅमसंगची ८ गिगाबिट ‘बी-डाय’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, इंटेलच्या एक्सएमपी पद्धतीने विकल्या जाणाऱ्या वेगवान मॉड्यूलमध्ये ते बहुधा १.३५ असते. बी-डायला याहून अधिक, १.४५ ते १.५ व्होल्ट दिल्यास स्तंभवाचनाचा विलंब तर घटतोच, शिवाय ओळ उघडण्याचा व बंद करण्याचा काळही घटविता येतो. पुनर्भारणास लागणारा काळ, म्हणजे टीआरएफसी, ८ गिगाबिट चिपसाठी मानकात ३५० नॅनोसेकंद आहे. चांगल्या बी-डाय चिप याच्या निम्म्याहून कमी काळात हे काम उरकतात. मायक्रॉनची ८ गिगाबिट ‘ई’ आवृत्तीही गुणी आहे, ती उच्च वेग गाठते. परंतु व्होल्टेज वाढविले तरी तिचा ओळ उघडण्याचा काळ फारसा हलत नाही. त्यामुळे बी-डायसाठी कोणी यशस्वीपणे वापरलेली मूल्ये जशीच्या तशी ‘ई’ आवृत्तीवर लादली, तर संगणक सुरूच होत नाही. हे झाले सुदैव. तो सुरू झाला आणि अधूनमधून एखादा बिट चुकवू लागला, तर ते अधिक घातक.

२०१९ मध्ये सॅमसंगने बी-डाय बंद होणाऱ्या उत्पादनांच्या यादीत टाकली. तेव्हापासून जुन्या मॉड्यूलमध्ये ती आहे की नाही, हे ओळखण्यास बाजारमूल्यही आले.

ओळखीची साधने :

सर्वांत भरवशाची खूण चिपच्या पाठीवरच छापलेली असते. सॅमसंगचा ‘के४ए८जी०८५डब्ल्यूबी’ हा क्रमांक घेऊ. यातील ‘के४’ डीरॅम, ‘ए’ डीडीआर४, ‘८जी’ ८ गिगाबिट, ‘०८’ आठ बिटांची रुंदी दर्शवितो आणि शेवटचा ‘बी’ आवृत्ती सांगतो. हायनिक्सच्या ‘एच५एएन८जी८एनसीजेआर’ या क्रमांकातील अखेरचे ‘सीजेआर’ लक्षात ठेवावे. मायक्रॉन मात्र चिपवर ‘डी९’ने सुरू होणारा पाच अक्षरांचा संक्षिप्त संकेत छापते. तो कंपनीच्या संकेतस्थळावर उलगडून पूर्ण क्रमांक मिळवावा लागतो. त्यात अपूर्णविरामानंतर येणारे अक्षर आवृत्तीचे.

अडचण अशी की, वेगवान मॉड्यूलवर धातूचे उष्णतारोधक म्हणून मिरविणारे, वस्तुतः उष्णता पसरविणारे आवरण चिकटविलेले असते. ते ओढून काढताना चिपच उखडण्याचा धोका असतो आणि हमीही जाते. केवळ कुतूहलापोटी हे करू नये.

दुसरे साधन म्हणजे मॉड्यूलवरील एसपीडी ही लहानशी स्मृती. डीडीआर४ मध्ये ती ५१२ बाइटांची असते. तिच्यात मॉड्यूल उत्पादक व चिप उत्पादक यांची स्वतंत्र नोंद असते. चिप उत्पादकाचा संकेत ३५० व ३५१ या बाइटांत मिळतो. सॅमसंगचा ८०सीई, हायनिक्सचा ८०एडी व मायक्रॉनचा ८०२सी. सीपीयू-झेड हा विनामूल्य प्रोग्राम किंवा लिनक्सवरील डीकोड-डिम्स ही माहिती क्षणात दाखवितो. चिपच्या आवृत्तीसाठी ३५२ वा बाइट राखून ठेवला आहे खरा, पण मॉड्यूल कंपन्या तो पुष्कळदा भरीतच नाहीत. थायफून बर्नरसारखे प्रोग्राम अशा वेळी इतर नोंदींवरून आवृत्तीचा तर्क करतात आणि तो तर्क वस्तुस्थितीच्या थाटात पडद्यावर येतो. म्हणून एसपीडीवरून उत्पादक स्वीकारावा, आवृत्ती पडताळावी.

काही कंपन्यांच्या लेबलावर सूचक मजकूर असतो. कोर्सेअरच्या डीडीआर४ लेबलावर ‘व्हर्जन ४.३१’ असल्यास पहिला ४ सॅमसंग, ३ हा ८ गिगाबिट व १ ही बी आवृत्ती दर्शवितो. पहिला अंक ३ असल्यास मायक्रॉन, ५ असल्यास हायनिक्स. लेबलावरील वेळमूल्येही बोलतात. १.३५ व्होल्टला ‘३२००, १४-१४-१४’ अशी सरळ मूल्ये असल्यास चिप बी-डाय असण्याची शक्यता फार मोठी. ‘१६-१८-१८’ असल्यास काहीही निघू शकते.

पडताळणी व एक अनुभव :

आमच्या प्रयोगशाळेत एकाच नावाची, एकाच क्रमांकाची चार मॉड्यूल काही महिन्यांच्या अंतराने दोन खेपांत घेतली होती. जोडीजोडीने ती एक्सएमपी वेगास उत्तम चालत. चारही बसविली की संगणक अडे. दोष मदरबोर्डवर ढकलण्याच्या बेतात असताना एसपीडी वाचली. पहिल्या जोडीत सॅमसंगच्या चिप होत्या, दुसरीत मायक्रॉनच्या. मॉड्यूल कंपनीने लेबलावरील वचन पाळले होते. चिपचे वचन तिने कधी दिलेच नव्हते. आम्ही जोड्या वेगळ्या संगणकांत बसविल्या व प्रश्न मिटला.

ओळख पटली तरी प्रत्येक नग वेगळा असतो, म्हणून मूल्ये हळूहळू बदलून प्रत्येक टप्प्यावर मेमटेस्ट८६+ च्या अनेक फेऱ्या कराव्यात. पुनर्भारणाचा काळ आवळलेली बी-डाय तापली की चुकू लागते. तेव्हा ही चाचणी डिसेंबरच्या सकाळी वातानुकूलित खोलीत उरकू नये, मे महिन्याच्या दुपारीही करावी. डीडीआर५ चिपमध्ये एका बिटाची चूक आतल्या आत दुरुस्त करण्याची सोय आहे. तीमुळे प्रारंभीची अस्थिरता झाकली जाते व चाचणी अधिकच लांबवावी लागते. संशोधनाची आधारसामग्री ज्या संगणकावर आहे, त्याची रॅम मात्र प्रमाणित वेगासच ठेवावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. चुकलेला बिट फाइलमध्ये जाऊन बसतो आणि कोणतीही सूचना देत नाही.

आमच्या डेडस्टॉक नोंदवहीत आता रॅमच्या प्रत्येक नोंदीपुढे क्षमता व वेग यांच्या जोडीस चिप उत्पादक, लेबलावरील व्हर्जन आणि खरेदीचा महिना लिहिला जातो.