रसवंतीवरची गर्दी आणि बैलाची चाल

फेब्रुवारी सरत आला की पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत, चौफुला, पाटसच्या बाजूला आणि पुणे-अहिल्यानगर (म्हणजे आपला जुना नगर) रस्त्यावर शिरूरच्या अलीकडे-पलीकडे रसवंत्यांचे मांडव पडू लागतात. दौंड आणि शिरूर हे दोन्ही तालुके उसाचे. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा ऊस कारखान्याला जातो, गुऱ्हाळाला जातो आणि त्यातला थोडासा रस्त्याकडेच्या या मांडवांत येतो. बहुतेक ठिकाणी चरक लोखंडी असतो आणि विजेच्या मोटारीवर किंवा इंजिनावर फिरतो. पण काही मांडवांत लाकडी चरक आणि तो ओढणारा बैल अजून पाहायला मिळतो. यंत्राच्या चरकाला जी घुंगरे बांधलेली असतात, तीही मूळची बैलाच्या गळ्यातलीच, असे सांगतात.

आपण या लेखात बैलाची रसवंती घेणार आहोत. तिच्यात पदार्थविज्ञान आहे, रसायन आहे आणि शिवाय एक गणित आहे, जे शाळेत सहसा शिकवले जात नाही: गर्दीचे गणित.

एस.टी. थांबते. दहा मिनिटांची विश्रांती. चाळीस माणसे उतरतात आणि मांडवाकडे येतात. आत घरचीच पाच-सहा माणसे. एक ऊस तासतो, एक चरकात घालतो, एक पोरगा बैलामागे, एक जण रस गाळून बर्फ-लिंबू घालतो, एक ग्लास विसळतो, गल्ल्यावर आजोबा. पहिली दोन मिनिटे सगळे सुरळीत असते. मग ‘आमचे चार’, ‘आमचे सहा’ सुरू होते. गाळणारा ग्लास मागतो, ग्लास विसळणारी पाणी मागते, तासणारा उसांचा ढीग लावून मोकळा बसतो आणि सगळे मिळून चरकवाल्यावर ओरडतात. चरकवाला पोराकडे पाहतो आणि पोरगा बैलाच्या पाठीवर चाबूक ओढतो.

गोंधळाची शेवटची पावती बैलाच्या पाठीवर फाटते, ती अशी. प्रश्न असा की त्या चाबकाने गर्दी खरोखर कमी होते का? अंदाज बांधण्याऐवजी मोजून पाहू.

समजा, चरकाचा आडवा दांडा ३ मीटर लांब आहे आणि लाकडी लाटेचा व्यास २० सेंटिमीटर. बैल एका फेरीत २ × ३.१४ × ३, म्हणजे जवळजवळ १९ मीटर चालतो. कामावरच्या बैलाची सावकाश चाल सेकंदाला ०.८ मीटर धरली, तर एका फेरीला सुमारे २४ सेकंद लागतात. तेवढ्यात लाट एकदाच फिरते आणि तिच्या परिघाइतकाच, म्हणजे ६३ सेंटिमीटर ऊस आत ओढला जातो. सव्वासहा फुटी ऊस पार व्हायला तीन फेऱ्या, म्हणजे ७० सेकंद. मग चिपाड दुमडून पुन्हा घालायचे. लांबी निम्मी झाल्यामुळे आणखी ३५ सेकंद. मधल्या घालण्या-काढण्याला १५ सेकंद धरा. एकूण २ मिनिटे.

एका वेळी किलो-किलोचे दोन ऊस घातले आणि वजनाच्या निम्मा रस निघाला, तर एक लिटर, म्हणजे २०० मिलिलिटरचे पाच ग्लास. दोन मिनिटांत पाच ग्लास. दहा मिनिटांत पंचवीस. चाळीस माणसे आणि पंचवीस ग्लास! तासणारे दोनाचे चार केले, गल्ल्यावर आणखी एक माणूस बसवला, तरी हा आकडा तसूभर हलत नाही. सगळ्या साखळीचा वेग तिच्यातली सर्वांत अरुंद जागा ठरवते. बाटली कितीही मोठी असली, तरी पाणी गळ्याच्या मापानेच बाहेर येते. इथे चरक हा तो गळा आहे. इस्राएलचे पदार्थवैज्ञानिक एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली कारखान्यांसाठी हीच गोष्ट कादंबरीच्या रूपात सांगितली आणि ते पुस्तक जगभर गाजले.

आता चाबूक. बैलाने चाल पाचव्या हिश्शाने वाढवली असे समजू. १०५ सेकंदांचे काम साडेसत्त्याऐंशी सेकंदांत होईल, पण घालण्या-काढण्याचे १५ सेकंद बैलाच्या हातात नाहीत, ते चरकवाल्याच्या हातात आहेत. म्हणजे दहा मिनिटांत २९ ग्लास. चाळीसपैकी अकरा माणसे तरीही कोरड्या घशानेच गाडीत चढणार.

चार ग्लासांसाठी बैलाने काय मोजले, तेही पाहू. मध्यम अंगाचा बैल सतत कामात आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका ओढा देऊ शकतो. ४०० किलोचा बैल म्हणजे ४० किलोभाराचा ओढा, अंदाजे ३९० न्यूटन. त्याला ०.८ ने गुणले की शक्ती आली ३१० वॉट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे आपला बैल अर्ध्या अश्वशक्तीच्याही आतला. चरक मात्र तरफेसारखा वागतो. दांडा ३ मीटर, लाटेची त्रिज्या १० सेंटिमीटर, गुणोत्तर ३०. घर्षण सोडून दिले, तर ४० किलोचा ओढा लाटेच्या कडेला १२०० किलो होतो. (लाकडी दात्यांत घर्षण बरेच जाते. तिथे तेल-वंगण करणे हे बैलावरचे उपकारच.) दांडा लांब केला तर जोर वाढतो, पण फेरीही लांबते. फुकट काही मिळत नाही.

स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही. खाल्लेल्या अन्नातील जेवढी ऊर्जा कामी येते, तिच्या तिप्पट-चौपट उष्णता बनून अंगातच राहते. ३१० वॉट काम करणाऱ्या बैलाच्या शरीरात हजार वॉटच्या शेगडीएवढी उष्णता तयार होत असते. ती घामावाटे आणि श्वासावाटे बाहेर टाकायची. आपल्या देशी बैलाला हे विदेशी गुरांपेक्षा चांगले साधते, पण बाहेरची हवाच अंगाइतकी तापली की त्याचाही नाइलाज होतो. आणि रसाला गिऱ्हाईक कधी? बरोबर तेव्हाच, एप्रिल-मेच्या भर दुपारी. गाडी ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि जिथे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपायचे नाही. चरक म्हणजे गाडी नव्हे, असा युक्तिवाद कोणी करील. बैलाच्या घामाच्या ग्रंथींना तो फरक समजत नाही.

मग चाळीस माणसांचे काय करायचे? एस.टी. साधारण कोणत्या वेळी येते हे रसवंतीवाल्याला ठाऊक असते. गाडी येण्याआधी सहा मिनिटे चरक सावकाश सुरू केला, तर पंधरा ग्लास पातेल्यात तयार. गाडी थांबल्यावर पंचवीस. झाले चाळीस! बैलाची चाल तीच, ग्लासामागे फेऱ्याही तेवढ्याच. जी गोष्ट चाबकाने साधली नाही, ती घड्याळाने साधली.

‘असे असेल तर सकाळीच दोन बादल्या काढून ठेवाव्यात की!’ वर्गातला एखादा चलाख मुलगा हे म्हणणारच, आणि म्हणायलाच हवे. इथे रसायन आडवे येते. ऊस चिरडला की पेशींतील पॉलिफिनॉले आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रस काळपट होऊ लागतो. कापलेले सफरचंद किंवा वांगे काळे पडते, तीच ही क्रिया. लिंबातल्या आम्लांनी विकराचे काम मंदावते, बर्फाने आणखी मंदावते. लिंबू पिळायचे ते केवळ चवीसाठी नव्हे. पुढे यीस्ट आणि जिवाणू साखरेवर ताव मारतात. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू तर साखरेपासून चिकट डेक्स्ट्रान बनवतात आणि रस तारेसारखा ओढला जाऊ लागतो. म्हणून साठा करायचा तो मिनिटांचा, तासांचा नव्हे.

ग्लासांचेही एक गणित आहे. भरणे, पिणे, परत येणे आणि विसळणे यात एका ग्लासाची चार मिनिटे जातात असे धरा. मिनिटाला अडीच ग्लास द्यायचे असतील, तर अडीच गुणिले चार, म्हणजे दहा ग्लास फिरते हवेत. आठच असतील, तर मिनिटाला दोनाच्या वर काही केल्या जाणार नाहीत, आणि गळा चरकाकडून ग्लासांकडे सरकेल. अशा वेळी बैलाला हाकणे म्हणजे निव्वळ अन्याय. दोन ग्लास विकत आणले की काम भागते. आत असलेल्या वस्तूंची संख्या = येण्याचा दर × आत राहण्याचा काळ. वरवर साध्या दिसणाऱ्या या नियमाची सर्वसाधारण सिद्धता अमेरिकेच्या जॉन लिटल यांनी १९६१ साली दिली. त्याच्याही आधी, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी फोनच्या गर्दीचे गणित मांडून या शास्त्राचा पाया घातला होता. पाटसच्या भीमा किंवा न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याच्या गव्हाणीपुढे हंगामात लागलेल्या उसाच्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गणिताची किंमत सांगायला नको. तिथेही तोडलेला ऊस उन्हात वाळतो, साखर उतरते आणि नुकसान शेतकऱ्याचे होते.

गंमत म्हणजे, हाच गोंधळ विकत घेऊन खेळणारी माणसे जगात लाखोंनी आहेत. ‘ओव्हरकुक्ड’ हा संगणकीय खेळ इंग्लंडमधील एका छोट्या गटाने २०१६ मध्ये आणला. त्यात चौघांपर्यंत खेळाडू मिळून एकच स्वयंपाकघर चालवतात. चाकाच्या खुर्चीत बसलेला रॅकून हा त्यातला एक आचारी. चिरायचे, शिजवायचे, वाढायचे, ताटल्या विसळायच्या. घड्याळ पुढे पळत असते. ताटल्या विसळायला कोणी गेले नाही, की शिजलेले अन्न ओट्यावर पडून राहते आणि मागणी हातची जाते. त्याच धर्तीवर पुढे अनेक खेळ निघाले.  या खेळांत सहसा कोणी कोणाला हरवत नाही. सगळे एकत्र जिंकतात किंवा एकत्र बुडतात. खेळाडू सुरुवातीला एकमेकांवर ओरडतात. मग कधीतरी त्यांच्या लक्षात येते की जो सर्वांत जास्त धावतो आहे, त्याच्याकडे नव्हे, तर जिथे ढीग साचला आहे तिकडे पाहायला हवे. ढिगाच्या लगेच पुढची जागा म्हणजे गळा. आमच्या मते खेळाचे खरे शिक्षण एवढेच आहे, आणि त्यासाठी संगणकाची गरज नाही.

वर्गात हे असे करता येईल. आठ मुले, रद्दी कागदाच्या पट्ट्या, आठ कागदी पेले आणि सेकंदकाटा असलेले एक घड्याळ. पट्ट्या म्हणजे ऊस. एक मुलगा पट्टीवर रेघ मारतो (तासणे), दुसरा ती चरकाकडे देतो. चरक म्हणजे एक मुलगी आणि तिचा ‘बैल’. बैलाने मनात सावकाश वीस आकडे मोजले, की एक पट्टी पार. मग तिची घडी घालून पेल्यात टाकायची (गाळणे), पेला गिऱ्हाइकाला द्यायचा, गिऱ्हाइकाने तीसपर्यंत मोजून तो परत करायचा आणि विसळणाऱ्याने दहापर्यंत मोजायचे. पाच मिनिटांत किती पेले गेले ते फळ्यावर लिहावे. दुसऱ्या डावात तासायला दोन मुले वाढवावीत. पण आधी निकालाचा अंदाज प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यावा. आकडा पूर्वीइतकाच राहतो, फक्त चरकापुढचा ढीग वाढतो. पुष्कळ मुलांचा अंदाज इथे चुकतो आणि तिथूनच चर्चा चांगली रंगते. तिसऱ्या डावात पेले आठाचे दोन करावेत आणि ढीग कुठे सरकतो ते शोधायला सांगावे.

विजेची मोटार आली की बैल सुटतो, हे खरे. मग लोखंडी लाट भराभर फिरते आणि घाई सारी ऊस घालणाऱ्या हाताला करावी लागते. ती बोटे लाटेपासून किती अंतरावर असतात, हे पुढच्या वेळी रस पिताना मुलांना जरूर पाहायला सांगावे. एखाद्या चरकाच्या तोंडाशी लोखंडी आडोसा असतो, एखाद्याला नसतो. आठवीपुढच्या मुलांना विचारण्यासारखा प्रश्न: मोटारीची लाट मिनिटाला १५ वेळा फिरत असेल आणि तिचा व्यास २० सेंटिमीटर असेल, तर हाताच्या वितीएवढा, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर ऊस किती सेकंदांत आत जाईल?

उत्तर सव्वा सेकंदाच्या आसपास येते.