देव्हाऱ्याबाहेरचा धर्म

पहाटे स्नान करावे, तासभर मनोभावे पूजा करावी, आणि दुकान उघडल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाच्या मापात पाप करावे, असा मनुष्य कोणत्याही गावात आणि कोणत्याही धर्मात आढळतो. तो ढोंगी असतोच असे नाही. पुष्कळदा त्याची पूजा अगदी अंतःकरणापासून झालेली असते. मात्र देव्हारा आणि तराजू या दोन निराळ्या मुलुखांतल्या वस्तू आहेत, अशी त्याची समजूत असते. धर्म प्रामाणिकपणे पाळणे म्हणजे काय, हा प्रश्न या समजुतीपाशीच उभा राहतो.

या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर महाराष्ट्रापासून दूर, पंजाबात जतन झाले आहे. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला. शीख गुरूंच्या वाणीबरोबर इतर संतांच्या वाणीलाही त्यात मानाचे स्थान मिळाले. नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत, आणि त्यांचे स्नेही मानले गेलेले त्रिलोचन यांचीही काही पदे आहेत. या दोघांमधला एक संवाद त्याच ग्रंथात कबीरांच्या वचनांमध्ये आला आहे. महाराष्ट्र नामदेवांना शिंपी म्हणून ओळखतो. उत्तरेत ते कापडावर छाप उमटवणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. त्रिलोचन त्यांना स्नेहाने, पण थोड्या नाराजीनेच विचारतात की, कापड छापीत बसून मायेत का गुंतला आहेस, रामाकडे चित्त का लावीत नाहीस? नामदेवांच्या उत्तराचा आशय असा की, हातपाय आपले काम करीत राहोत, मुखात नाम असावे आणि चित्त परमेश्वरापाशी असावे.

हे उत्तर वरवर सोपे वाटते. त्याचा एक सोयीचा अर्थही करता येतो, तो असा की, काम हीच पूजा, तेव्हा निराळ्या साधनेची आवश्यकता नाही. परंतु नामदेवांनी साधनेला सुट्टी दिलेली नाही. उलट, तासाभराची साधना त्यांनी दिवसभर लांबविली. ज्याचे चित्त ईश्वरापाशी आहे, त्याच्या हातून कच्च्या रंगाचे कापड पक्के म्हणून विकले जाणार नाही. चित्त कोठे आहे हे इतरांना दिसत नाही. कापड मात्र पहिल्या धुण्यात दिसते.

शीख परंपरेने हाच विचार तीन सूत्रांत बांधला आहे. कष्टाने आणि सचोटीने मिळवावे, नाम जपावे, आणि वाटून खावे. या तिन्हींचा परस्परसंबंध गुरू नानकांच्या चरित्रातील एका प्रसिद्ध आख्यायिकेत दिसतो. सैदपूर गावी ते लालो नावाच्या गरीब सुताराच्या घरी उतरले. गावातील मलिक भागो या धनाढ्य अधिकाऱ्याने मोठे अन्नदान मांडले होते. तेथे जेवण्यास नानकांनी नकार दिला. कारण विचारले असता त्यांनी दोन्ही घरच्या भाकरी हातांत घेऊन पिळल्या. लालोच्या भाकरीतून दूध ठिबकले, भागोच्या अन्नातून रक्त. आख्यायिकेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा रोख चुकत नाही. भागो अधार्मिक नव्हता, अन्नदानच करीत होता. प्रश्न होता तो, अन्न आले कोठून, हा. दान हे मिळकतीचे दोष धुऊन काढण्याचे साधन नव्हे.

मग ज्याच्या हाती वाडवडिलांपासून आलेली मिळकत आहे, त्याने काय करावे? देहूचे तुकाराम वाण्याच्या घराण्यातले. घरात सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने त्यांचे घर मोडले, पत्नी आणि मुलगा गेले. पुढे परमार्थाची वाट धरताना, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यांनी कर्जखतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकट्या भावाची वाटणी त्याच्या स्वाधीन केली आणि आपली तेवढी इंद्रायणीत बुडविली. कथेतील पहिला भाग सहसा विसरला जातो, पण विवेक तेथेच आहे. वैराग्य स्वतःच्या खर्चाने करावयाचे असते, दुसऱ्याच्या नव्हे. पदरमोड न करता पाळला जाणारा धर्म बहुधा नुसती सवय असतो.

जी गोष्ट व्यक्तीची, तीच समाजाची. चोखामेळ्याला पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून त्याचा अंत झाला. त्याच्या अस्थी नामदेवांनी आणून विठ्ठलाच्या महाद्वारापाशी समाधी बांधली, असे परंपरा मानते. पुढे शतकानुशतके त्याचे अभंग भक्तिभावाने गाइले गेले, आणि त्याच्या जातबांधवांना मात्र द्वार बंदच राहिले. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. गाणारे खोटे गात होते असे म्हणता येणार नाही. त्यांचे भजन महाद्वारापर्यंत येऊन थांबत होते, एवढेच.

तात्पर्य, धर्मवचनांवर निष्ठा आहे किंवा नाही, याची कसोटी मोठ्या प्रसंगी क्वचितच लागते. ती लहानसहान जागी लागते. कचेरीत एखाद्या विधवेचा निवृत्तिवेतनाचा कागद टेबलावर पडून असतो. त्यावर आजच सही झाली, तर कोणी अधिकाऱ्याला पुण्यवान म्हणणार नाही, आणि महिनाभर झाली नाही, तरी कोणी पापी म्हणणार नाही. मोलकरणीचा पगार ठरल्या दिवशी हाती पडणे, भावाच्या वाटणीतील हातभर जमीन बांधावरून न सरकणे, आपली चूक हाताखालच्या माणसावर न ढकलणे, याची नोंद कोणत्याही पोथीत होत नाही. साक्षीदार नसतो, स्तुती नसते, आणि थोडे नुकसान मात्र ठरलेले असते. अशा वेळी सकाळची पूजा त्या माणसाच्या हाताला आवरते का, एवढेच पाहावयाचे. आवरत असेल, तर ती पूजा दिवसभर चालू आहे असे समजावे. आवरत नसेल, तर पूजा सोडण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी ती थोडी अधिक लक्षपूर्वक करावी, आणि मग दुकानाचे दार उघडावे.