घसाऱ्याची पंधरा वर्षे

ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक, व्यापारी आणि डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन, घाऊक खरेदीची सवलत पदरात पाडून घेत, सुमारे 65 कोटी रुपयांच्या दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या एकाच दिवशी ताब्यात घेतल्या, त्या घटनेला नुकतीच पंधरा वर्षे पूर्ण झाली. मराठवाड्याच्या कपाळी मागासलेपणाचा जो शिक्का बसला होता तो पुसणारा दिवस म्हणून त्याचे स्वागत झाले आणि ते स्वागत अनाठायी नव्हते. परंतु याच पंधराव्या वर्षी, 22 सप्टेंबर 2025 रोजी, मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर, जो उपकर धरून पन्नास टक्क्यांपर्यंत जात होता, तो सरसकट चाळीसवर आला. आणि ज्या गृहस्थाने जुलैअखेर देशी एसयूव्हीचे टॉप मॉडेल घेऊन नवी कोरी गाडी दारात उभी केली होती, त्याचे लाख-सव्वा लाख रुपये एका सरकारी अधिसूचनेनिशी गेले. कर कमी झाला याचे दुःख कोणी करू नये. तरीही मोटारीच्या मूल्याविषयी आपली जी एक जुनी, पिढीजात समजूत होती ती या पंधरा वर्षांत कशी ढासळत गेली, याचा मागोवा घेण्यास याहून योग्य वेळ मला दिसत नाही.

त्याआधीच्या काळाबद्दल फार लिहावे असे मला वाटत नाही. परवान्यांच्या राज्यात कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी किंवा आकुर्डीची स्कूटर नंबर लागल्यावरच मिळे, आणि ज्याचा नंबर लागे तो ती दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकू शके. घसारा हा शब्द तेव्हा हिशेबनिसाच्या वहीपुरता होता. पुढे 1991 ची टाटा सिएरा, 1995 मध्ये टेल्कोच्या पिंपरीतील आवारात जुळू लागलेली मर्सिडीज, 1998 ची सफारी, 2002 मध्ये नाशिकहून निघालेली स्कॉर्पिओ ही सारी नावे आदराने घ्यावीत अशी आहेत. त्यांतही स्कॉर्पिओने ग्रामीण महाराष्ट्रात जे स्थान मिळवले ते आजतागायत कोणाला मिळालेले नाही. तिची किंमत टिकत असे याचे कारण साधे होते. सांगाडा भक्कम, इंजिन गावच्या मिस्त्रीला उलगडणारे आणि सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळणारा; त्यामुळे दुसरा मालकच काय, तिसरा आणि चौथाही निर्धास्तपणे पुढे येई.

मला रेंगाळायचे आहे ते त्यानंतरच्या दशकात, कारण ते मी चिंचवड-चाकणच्या रस्त्यावर राहून पाहिले. सप्टेंबर 2011 मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही 500 चाकणहून निघाली. वेगळ्या सांगाड्यावर न बेतलेली, मोनोकॉक बांधणीची त्या कंपनीची ही पहिली एसयूव्ही. सात आसने, वरच्या मॉडेलला सहा एअरबॅग, घसरणीवर ताबा राखणारी यंत्रणा, स्पर्शाने चालणारा पडदा, आणि हे सारे 10 लाख 80 हजारांपासून सुरू होऊन 12 लाख 88 हजारांवर संपणाऱ्या किमतीत. मागणी इतकी उसळली की नोंदणी थांबवावी लागली आणि पुढील खेपेला चक्क सोडत काढून गाड्या वाटाव्या लागल्या. त्याच सुमारास, 2010 च्या डिसेंबरात, बीएमडब्ल्यूने आपली एक्स वन 22 लाखांपासून आणली होती. 2012 मध्ये ऑडीची क्यू थ्री 26 लाखांच्या घरात आली, आणि त्यापाठोपाठ मर्सिडीजची बी-क्लास व ए-क्लास, बीएमडब्ल्यूची वन सिरीज, अशा वीस-बावीस लाखांच्या गाड्यांची एक ओळच लागली. पगारदार अभियंत्याला आणि तालुक्याच्या डॉक्टरला त्या काळात एक खरा, प्रामाणिक पर्याय उपलब्ध होता: देशी गाडी सगळ्या सोयींसह घ्यावी, किंवा तिच्या दुपटीहून कमी रक्कम घालून परदेशी नाममुद्रा घ्यावी. दोहोंतील अंतर मोठे होते, पण ते कशाचे आहे हे स्पष्ट कळत होते.

त्या परदेशी नाममुद्रांनी ग्राहकाच्या विश्वासाचे जे केले ते मात्र मी विसरू शकत नाही. विक्रीत पहिला क्रमांक कोणाचा या चुरशीपायी तीनही जर्मन कंपन्यांनी तेव्हा सवलतींचा, एक्स्चेंज बोनसचा, स्वस्त व्याजाचा आणि गाडी परत घेण्याच्या हमीचा असा पाऊस पाडला की छापील किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांचा संबंधच तुटला. नवी गाडी शोरूममध्ये काही लाखांनी उतरून मिळत असेल तर वर्षभराची गाडी कोण कोणत्या भावाने घेईल? तीन-चार वर्षांत निम्मी किंमत गळून पडणे ही त्या गाड्यांची रीतच झाली. हमीची मुदत संपली की हवेवर तरंगणारे सस्पेंशन, गिअरबॉक्समधील इलेक्ट्रॉनिक भाग, हेडलाइटचा संपूर्ण संच, यांपैकी एकेकाचे बिल लाखाच्या भाषेत बोलू लागे, आणि दुसरा खरेदीदार त्या बिलाची धास्ती आगाऊच भावातून वजा करून घेई.

त्यात दिल्लीचे हुकूम आले. एप्रिल 2015 मध्ये हरित लवादाने राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली; डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन हजार सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांची तेथील नोंदणी थांबवली, ती पुढील ऑगस्टपर्यंत. महिंद्राने त्यावर 1.99 लिटरचे इंजिन बेतून मार्ग काढला. दिल्लीच्या जुन्या जर्मन डिझेल गाड्या मात्र ना-हरकत दाखला घेऊन आमच्या बाजारात उतरल्या आणि इथल्या मालकांचा भाव आणखी पाडून गेल्या. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा एसयूव्हीवरील एकूण बोजा 43 टक्क्यांवर आला म्हणून कंपन्यांनी किमती उतरवल्या. आणि अवघ्या अडीच महिन्यांत उपकर वाढवून सरकारने तोच बोजा पन्नासवर नेला. ग्राहकाच्या वीस-वीस लाखांच्या निर्णयाला सरकारदरबारी किती किंमत आहे हे त्या अडीच महिन्यांनी दाखवून दिले, आणि त्याचा राग मला आजही आहे.

या दशकाच्या अखेरीस, प्रदूषणाचा नवा जाबता एप्रिल 2020 मध्ये लागू होताना, वीस-बावीस लाखांच्या त्या परदेशी गाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. 2023 मध्ये आलेली एक्स वन 45 लाख 90 हजारांपासून सुरू झाली. मधली रिकामी पायरी देशी कंपन्यांनी भरून काढली: नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या महिंद्राच्या विजेवरील एक्सईव्ही नाइन-ई या गाडीचे सर्वांत वरचे मॉडेल 30 लाख 50 हजारांना आले. महागाई हिशेबात न धरता, निव्वळ आकड्यांत पाहिले तर 2010 मध्ये जर्मन गाडी ज्या आकड्याला मिळत होती तो आकडा ओलांडून आपली गाडी पुढे गेली. गुणांत ती कमी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या अभियंत्यांनी केलेल्या प्रगतीचा मला अभिमान आहे. माझी तक्रार निराळी आहे. परदेशी गाडीच्या सोयी उचलताना आपण तिचा घसाराही उचलला.

हे कसे घडते ते जुन्या गाड्यांच्या पेठेत उभे राहून पाहावे. व्यापारी प्रथम दाराचे रबर ओढून खालचे वेल्डचे ठिपके पाहतो, मग बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का ते बोटाने चाचपतो, रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र प्रत्येक पत्र्यावर टेकवतो, टायरवर कोरलेला आठवडा आणि वर्ष वाचतो, आर.सी. बुकात मालक कितवा, बँकेचा बोजा उतरला आहे का, विम्यात क्लेम घेतला आहे का, हे विचारतो. सनरूफ तो उघडूनही पाहत नाही. टॉप मॉडेल आहे, असे मालकाने दोनदा सांगितले तर मान हलवतो आणि वर्ष, रनिंग व मालक या तिहींवरच भाव बोलतो. नवी घेताना मधल्या आणि वरच्या मॉडेलमध्ये जे चार-पाच लाखांचे अंतर मोजले होते त्याचा फार थोडा अंश पाच वर्षांनी त्या व्यापाऱ्याच्या तोंडून बाहेर येतो. पडदे, कॅमेरे, रडार ही वाहनातील सर्वांत लवकर जुनी होणारी सामग्री आहे, आणि वरच्या मॉडेलची वाढीव किंमत नेमकी तिच्यातच ओतलेली असते.

कागदावर मात्र सर्व गाड्या समान आहेत. मोटार विम्याच्या तक्त्यात सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांना वीस आणि पुढे दरवर्षी दहा वाढत पाच वर्षांना पन्नास टक्के घसारा धरतात, मग गाडी पंचवीस लाखांची असो वा पन्नास लाखांची; म्हणजे एकीचे साडेबारा लाख जातात आणि दुसरीचे पंचवीस. रस्ता कर त्या तक्त्यात मोजलेलाच नसतो. महाराष्ट्रात वीस लाखांवरील डिझेल गाडीला पंधरा टक्के कर लागतो. पंचवीस लाखांच्या गाडीचे पावणेचार लाख पहिल्याच दिवशी सरकारजमा होतात, आणि पुण्याची गाडी पुण्यातच विकली तर त्यातला छदामही मालकाच्या हाती परत येत नाही.

सर्वांत कटू अनुभव करोनानंतरचा. ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर झालेल्या एक्सयूव्ही 700 साठी, जगभर चिप्सची टंचाई असताना, लोक वर्ष-वर्ष थांबले. मधल्या काळात वापरलेली गाडी नव्यापेक्षा अधिक भावाने विकली गेली आणि जुना परवाना-काळ परत आल्यासारखे वाटले. जुलै 2024 मध्ये त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलांची किंमत, प्रथम चार महिन्यांपुरती म्हणून, सुमारे दोन लाखांनी उतरवण्यात आली, आणि सप्टेंबर 2025 च्या करकपातीने ती आणखी 1 लाख 43 हजारांपर्यंत खाली आली. ज्यांनी निष्ठेने रांगेत उभे राहून सर्वांत वरचे मॉडेल घेतले, त्यांच्याच खात्यावर हा सर्व तोटा जमा झाला. ज्याने मधले मॉडेल घेतले तो बहुतांशी निभावून गेला.

माझी कंपन्यांना विनंती आहे ती एवढीच, की जीव वाचवणारी सामग्री शेवटच्या मॉडेलसाठी राखून ठेवण्याची रीत त्यांनी सोडावी. पुढील गाडी पाहून स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा आणि छतावरची काच एकाच जोडणीत विकल्यामुळे, ज्याला पहिली हवी त्याला दुसरीचेही पैसे भरावे लागतात आणि घसाऱ्यात दोन्हींचे पैसे बुडतात. वाचकांनीही वरच्या मॉडेलचा अर्ज भरण्यापूर्वी जुन्या गाड्यांच्या पेठेत एकदा जाऊन, त्याच गाडीच्या तीन वर्षे जुन्या मधल्या आणि वरच्या मॉडेलचे भाव शेजारी-शेजारी विचारून यावे.