आधी बॉयलर, मग मोळी

सातारा-सांगलीकडील श्रोत्यांना साखर कारखाना नवा नाही. हंगामाच्या आरंभी प्रथम बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, वाफ धरली म्हणजे टर्बाइन फिरते, आणि मग गव्हाणीत मोळी पडते. हंगाम संपताना क्रम उलटा होतो. ऊस थांबतो, गिरण थांबते; परंतु मागे राहिलेला रस व पाक आटवावयाचा असतो, म्हणून बॉयलरचा विस्तव सर्वांत शेवटी विझवितात. तो आधी विझविला तर पाक भांड्यांतच अडकून पडेल.

संगणकाच्या आज्ञावलीतही हाच प्रश्न उभा राहतो. आज्ञावली पुष्कळशा 'वस्तूं'ची बनलेली असते. वस्तू म्हणजे काही माहिती आणि त्या माहितीवर करावयाची कामे यांचे एक गाठोडे. एक वस्तू हजेरी सांभाळते, दुसरी खतावणी लिहिते. प्रत्येक वस्तू वापरण्यापूर्वी सिद्ध करावी लागते आणि काम संपल्यावर मोडावी लागते.

ही कल्पना नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांच्या 'सिम्युला 67' या भाषेत प्रथम आकारास आली. न्यूगार्ड यांनी पुढे 1970 नंतरच्या काही वर्षांत तेथील लोखंड व धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम केले, संगणक आल्याने कामगाराचे काय होणार याचा अभ्यास कामगारांसमवेतच केला. त्यामुळे या गृहस्थांविषयी मला अंमळ अधिक आपुलकी वाटते, हे लपवीत नाही.

सिम्युलापासून स्फूर्ती घेऊन ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी 1979 पासून जी भाषा घडविली ती सी प्लस प्लस. तिचा नियम आपल्या कारखान्यासारखाच आहे. आधी पायाचा भाग सिद्ध होतो, मग घटक ज्या क्रमाने जाहीर केले असतील त्या क्रमाने, शेवटी वस्तूचे स्वतःचे काम. मोडताना बरोबर उलट.

मात्र एक फट राहते. आज्ञावलीच्या आरंभापासून अखेरपर्यंत जगणाऱ्या वस्तू एकाच फाइलीत असतील तर त्यांचा क्रम ठरलेला असतो. निरनिराळ्या फाइलींत असतील तर कोणती आधी, हे भाषा सांगत नाही. जन्माचा क्रमच अनिश्चित, तेव्हा मरणाचाही अनिश्चित.

एका कारखान्यात हीच फट कामगारांना भोवली. हजेरीची वस्तू शेवटच्या काही नोंदी हाताशी ठेवी आणि मोडताना खतावणीत लिहून टाकी. वर्षभर सुरळीत चालले. मग आज्ञावली नव्याने जुळविली, फाइलींचा क्रम बदलला, आणि खतावणी आधी मिटू लागली. रात्रपाळीच्या ओव्हरटाइमच्या नोंदी रोज थोड्याथोड्या गळू लागल्या. "यंत्र खोटे बोलत नाही, तुमची माणसेच कार्ड लावीत नसतील," असे आम्हांला ऐकविण्यात आले. आज्ञावली वाचून पाहा, असा आम्ही हट्ट धरला, तेव्हा एका तरुण इंजिनियरने दोष दाखविला.

इलाज सोपा होता. खतावणी मोकळी न ठेवता एका कार्याच्या पोटात ठेवली. पहिली हाक येईल तेव्हा ती सिद्ध होते. हजेरीने आपल्या जन्माच्या वेळीच तिला हाक मारावी, अशी योजना केली. म्हणजे खतावणी हजेरीच्या आधी पूर्ण झाली, आणि उलट क्रमाच्या नियमाने तिच्या मागाहून मिटू लागली. चार ओळींचा बदल! बुडालेले तास मात्र फाटकावरच्या रखवालदाराच्या वहीवरून एकेक करून जुळवावे लागले, आणि त्याला तीन महिने गेले.