केबल, छत्री आणि पाऊस

रत्नागिरी शहराची हद्द संपते तेथेंच मिरजोळें सुरू होतें. एका अंगास औद्योगिक वसाहतीचीं पत्र्याचीं छपरें, दुसऱ्या अंगास वाड्यांतील कौलारू घरें, आणि दोहोंच्या मधून खांबांवरून लोंबत गेलेल्या काळ्या तारा. यांपैकीं एक तार केबलची. ती इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, घरांत दूरचित्रवाणी असली म्हणजे खांबावरून आलेली तार असावयाचीच, असें सर्वजण धरून चालतात.

अशाच एका घराची कल्पना करावी. घरांत आतां वृद्ध पतिपत्नीच राहतात. मुलगा अमेरिकेंत नोकरीस आहे. रविवारीं त्याचा फोन येतो, आणि केबलचें बिल वाढल्याची गोष्ट निघतांच तो म्हणतो, "बाबा, ती केबल काढूनच टाका. आम्ही इकडे केव्हांच काढली. छपरावर एक अँटेना लावलीय, बाकी सगळं इंटरनेटवर." वडिलांच्या डोळ्यांपुढें अँटेना म्हटल्याबरोबर उभी राहते ती ॲल्युमिनियमच्या कांड्यांची, माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी वस्तु. माळ्यावर शोधली तर तिचे अवशेष अजून सांपडतील. ती पुन्हा बांबूवर चढवावी काय, असा प्रश्न त्यांना पडतो. हा प्रश्न मुळींच खुळा नाहीं. परंतु त्याचें उत्तर अमेरिकेंत एक आहे आणि कोंकणांत दुसरें.

मुलाचें म्हणणें त्याच्या ठिकाणीं खरें आहे. अमेरिकेंत 12 जून 2009 रोजीं मोठ्या दूरचित्रवाणी केंद्रांनीं जुनी प्रक्षेपणपद्धति बंद करून अंकीय म्हणजे डिजिटल पद्धति स्वीकारली. तेथें शहराशहरांतून खाजगी केंद्रांचे मनोरे आहेत आणि त्या देशांतील प्रमुख वाहिन्या या मनोऱ्यांवरून फुकट प्रक्षेपित होतात. छपरावर, किंबहुना खिडकींत, अँटेना ठेवली कीं, बातम्या, खेळ आणि मालिका घरांत आल्याच. आपल्या देशांत मात्र जमिनीवरील मनोऱ्यावरून चित्र पाठविण्याचें काम दूरदर्शनखेरीज कोणाकडेहि गेलें नाहीं. 1992 पासून खाजगी देशी वाहिन्या येऊं लागल्या त्या उपग्रहाच्या आणि केबलच्या वाटेनें. मनोऱ्याशीं त्यांचा संबंधच आला नाहीं. म्हणजे बांबूवरची अँटेना भरभराटींत होती तेव्हांहि ती दूरदर्शनपलीकडे कांहीं आणूं शकत नव्हती.

आणि तेंहि रत्नागिरीस सहज मिळालें नाहीं. दिल्लीचें दूरचित्रवाणी केंद्र 15 सप्टेंबर 1959 रोजीं सुरू झालें, मुंबईचें 2 ऑक्टोबर 1972 रोजीं. मुंबईस वरळीचा मनोरा 300 मीटर उंच. परंतु या लहरी बव्हंशीं सरळ रेषेंत जातात आणि पृथ्वी तर वाटोळी. एवढ्या उंचीवरूनहि क्षितिज साठ-सत्तर किलोमीटरांवरच येतें. मुंबईपासून रत्नागिरी सरळ रेषेंत सव्वादोनशें किलोमीटर! तेव्हां ही अडचण सुटली ती आकाशांतून. 30 ऑगस्ट 1983 रोजीं इन्सॅट-1बी हा उपग्रह सोडण्यांत आला आणि त्याच्याकडून आलेलें चित्र झेलून आसपास पसरविणारीं लहान लहान केंद्रें पुढील वर्षांत देशभर उभीं राहिलीं. 1987 च्या जानेवारींत रामायण मालिका सुरू झाली, तेव्हां रविवारीं सकाळीं एकजण कौलांवर बांबू फिरवीत आहे आणि दुसरा खिडकींतून "आलं, आलं! नाहीं, मुंग्याच आल्या!" असें ओरडत आहे, हें दृश्य घरोघर दिसे. त्या मुंग्यांतूनहि माणसें राम-लक्ष्मण ओळखीत असत, हें विशेष.

तो काळ आतां संपला आहे. प्रसारभारतीनें आपलीं जुन्या पद्धतीचीं प्रक्षेपणकेंद्रें टप्प्याटप्प्यानें बंद केलीं; 2022 च्या मार्चअखेर, सामरिक महत्त्वाचीं कांहीं ठिकाणें वगळतां, सर्व बंद करण्याचें ठरलें होतें. अंकीय मनोरे 2016 पासून मुंबईसारख्या निवडक शहरांतच बसविले गेले. तेव्हां माळ्यावरची ती कांड्यांची अँटेना भंगारवाल्यास खुशाल द्यावी.

मग अमेरिकेंतील अँटेनेची जागा आपल्याकडे कोणी घेतली आहे? गांवांत जिला 'छत्री' म्हणतात तिनें. 16 डिसेंबर 2004 रोजीं प्रसारभारतीनें 'डीडी डायरेक्ट प्लस' या नांवानें एक सेवा सुरू केली. तीच आज 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. छत्री, तिच्या पुढें दांडीवर बसविलेली एलएनबी नांवाची डबी, तार आणि सेट-टॉप बॉक्स एवढें एकदां घेतलें कीं, दरमहा कांहीं भरावें लागत नाहीं. एकूण खर्च साधारणतः दीड ते दोन हजार रुपये. खाजगी कंपन्यांच्या छत्र्या दिसावयास अशाच असतात. पण त्यांना दरमहाचें रिचार्ज लागतें, तेव्हां केबल सोडून त्यांकडे जाणें म्हणजे केवळ सावकार बदलणें होय.

या फुकट छत्रीचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारें 36 हजार किलोमीटर उंचीवर, पूर्व रेखांश 93.5 अंशांवर, पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळें जागच्या जागीं स्थिर दिसतो. मिरजोळ्यांतून पाहतां तो आग्नेयेस, क्षितिजापासून जवळजवळ 60 अंश वर येतो. म्हणजे छत्रीला डोंगर आड येण्याची धास्ती नाहीं; आड येतो तो अंगणांतला माड. छत्री बसविली त्या वर्षीं जो माड खालीं होता, तो चार-पांच वर्षांनीं झांवळ्या पुढें करतो आणि चित्र कां जातें हें कोणास उमगत नाहीं. आणखी एक भ्रम असा कीं, छत्रीचें तोंड समोरच्या घराकडे वळलेलें दिसतें, म्हणून ती वांकडी बसविली असें वाटून कोणी ती वर उचलूं पाहतो. या छत्रीची घडणच अशी असते कीं, तिची दृष्टि तिच्या तोंडापेक्षां वीस-पंचवीस अंश वर असते. बसविणाऱ्यानें घट्ट केलेले बोल्ट उगाच सैल करूं नयेत.

या छत्रींतून काय मिळतें व काय मिळत नाहीं, हा खरा प्रश्न. सह्याद्रि वाहिनी मिळते, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या मिळतात, आकाशवाणीचीं कित्येक केंद्रेंहि ऐकूं येतात. खाजगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो. म्हणून आज दिसणारी वाहिनी पुढील वर्षीं दिसेलच असें नाहीं. 2019 सालीं मोठ्या कंपन्यांनीं आपल्या फुकट हिंदी वाहिन्या येथून काढून घेतल्या होत्या आणि 2020 मध्यें पुन्हा आणल्या. झी मराठी, स्टार प्रवाह यांसारख्या ज्या सशुल्क वाहिन्यांवर संध्याकाळच्या गाजलेल्या मराठी मालिका चालतात, त्या मात्र येथें नसतात. क्रिकेटच्या बाबतींत उलट गंमत आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचें चित्र दूरदर्शनला देणें 2007 च्या कायद्यानें बंधनकारक झालें. परंतु दूरदर्शननें तें आपले मनोरे व आपली फुकट छत्री यांवरूनच दाखवावें, केबलच्या जाळ्यांत तें जाऊं नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2017 सालीं दिला. परिणाम असा कीं, अशा सामन्याच्या वेळीं दरमहा पैसे भरणाऱ्याच्या घरीं दूरदर्शनवर तो दिसत नाहीं आणि शेजारच्या फुकट छत्रीवर दिसतो.

आतां मुलाच्या सल्ल्याचा दुसरा भाग, म्हणजे 'बाकी सगळं इंटरनेटवर'. केबल काय किंवा छत्री काय, तेथें एकच चित्र सर्वांना एकाच वेळीं वाटलें जातें. इंटरनेटवर तसें नाहीं. ज्यानें मागितलें त्याच्यासाठीं, त्यानें मागितलें त्या क्षणीं, वेगळा प्रवाह सुरू होतो. म्हणून मालिका चुकली ही तक्रार येथें उरत नाहीं. परंतु या प्रवाहास वाट रुंद लागते. स्वच्छ, मोठ्या पडद्याजोगें चित्र तासभर पाहिलें तर सुमारें 3 जीबी खर्च होतात. मोबाइलचे रोजचे दीड-दोन जीबी तासाच्या आंतच संपावयाचे. तेव्हां घरांत फायबर आणावें लागतें, आणि तें येतें त्याच खांबांवरून! एक तार तोडून दुसरी घेतली, इतकेंच.

पैशांचा हिशेबहि येथेंच करावा. 2019 च्या नियमान्वयें केबलचा मूळ आकार पहिल्या 100 वाहिन्यांस जास्तींत जास्त 130 रुपये होता; 18 टक्के कर धरून 153 रुपये 40 पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत वेगळी. 2024 च्या जुलईंत मूळ आकारावरची ही कमाल मर्यादा उठविण्यांत आली. उलट बाजूस फायबरचे मासिक दर, कर सोडून, साधारणतः चारशें-पांचशें रुपयांपासून सुरू होतात, आणि त्यांवर ओटीटी सेवांची वर्गणी. ती एक नाहीं. झी मराठीच्या मालिका झी5 वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. प्रसारभारतीची 'वेव्हज्' ही सेवा 20 नोव्हेंबर 2024 रोजीं निघाली आणि तिच्यावर बरेंच कांहीं फुकट आहे. तरी संध्याकाळची लाडकी मालिका तिच्यावर यावयाची नाहीं. सारांश, मुलाशीं बोलण्यासाठीं ज्या घरांत फायबर अगोदरच आहे, त्यानें केबल सोडली तर पैसे वांचतात. केवळ दूरचित्रवाणीसाठीं फायबर घेणाऱ्याचा खर्च बहुधा वाढतोच.

पैशांपलीकडची एक अडचण या हिशेबांत कोणी धरीत नाहीं. ओटीटीचें खातें मुलाच्या नांवाचें. त्याला सांकेतिक आंकडा लागतो, तो येतो मुलाच्या मोबाइलवर. येथें मालिकेची वेळ झालेली असते, तेथें तो कचेरींत बैठकींत असतो. आईच्या हातांतील रिमोटवर पूर्वीं वाहिनीचा क्रमांक दाबला कीं काम होई. आतां पडद्यावर चौकोनांची रांग लागते आणि त्यांतून नेमका आपला चौकोन शोधावा लागतो. चुकीचें बटण दाबलें गेलें तर केबलवाल्याच्या मुलास हांक मारतां येते. तो सायकल टेंकवून आंत येतो, दोन बटणें दाबतो, पाणी पिऊन जातो. या मुलाचा पगारहि केबलच्या बिलांत धरलेला असतो, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तो महाग पडत नाहीं. शिवाय शिमग्याची पालखी, गांवची सभा, नळाचें पाणी न येण्याची सूचना, असें स्थानिक वृत्त दाखविणारी केबलवाल्याची स्वतःची वाहिनी अनेक गांवीं असते. ती ना छत्रींत मिळते, ना ओटीटीवर.

परंतु कोंकणांत सर्वांत मोठा निर्णय पाऊस करतो. रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांत. फुकट छत्रीकडे येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. पावसाचे टपोरे थेंब अशा आंखूड लहरींचा कांहीं भाग शोषून घेतात आणि कांहीं भाग इतस्ततः उधळून देतात. रिमझिम पावसांत बिघडत नाहीं. मुसळधार सर आली कीं चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि पडदा काळा पडतो. जुन्या अँटेनेच्या मुंग्यांतून निदान आवाज तरी येत असे. अंकीय चित्र असतें तर पूर्ण असतें, नाहींतर नसतेंच. कधीं घरावर ऊन असतें आणि आग्नेयेस दोन-तीन किलोमीटरांवर सर कोसळत असते, तरी चित्र जातें, कारण छत्रीची दृष्टि त्या ढगांतूनच वर जाते. साठ सेंटिमीटरांच्या छत्रीऐवजीं नव्वदची घेतली तर तिचें क्षेत्र सव्वादोनपट होतें आणि मध्यम पावसांत तग धरतां येतो. ढगफुटीपुढें तिचाहि इलाज नाहीं. डबीच्या जोडांत पाणी शिरणें आणि खाऱ्या हवेनें बोल्ट गंजणें, हीं दुखणीं वेगळीं.

वादळांत तर तारेच्या वाटेचाहि भरंवसा उरत नाहीं. 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास लागलें, तेव्हां दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गांवांत अनेक दिवस दिवा लागला नाहीं. पुढील वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यासमोरून गेलें. खांब पडला कीं वीज, केबल आणि फायबर तिन्ही एकदम जातात. छत्री भिंतीवर शाबूत राहिली तरी वीज नसतां तिचा उपयोग शून्य. ज्या रात्रीं हवामानखात्याची सूचना ऐकणें सर्वांत निकडीचें, नेमक्या त्याच रात्रीं चित्राचीं सर्व साधनें मुकीं होतात. एफएम रेडिओच्या लहरी सुमारें तीन मीटर लांबीच्या असल्यामुळें पावसाच्या थेंबांचें त्यांच्यापुढें कांहीं चालत नाहीं, आणि सेलवर चालणाऱ्या रेडिओस विजेचा खांबहि लागत नाहीं. केबल ठेवा वा काढा, असा एक रेडिओ आणि सेलांची जास्तीची जोडी कपाटांत हवीच.

केबल सोडावयाचीच असेल त्या घरानें हें काम मृगाच्या तोंडावर करूं नये. दसऱ्यानंतर, आभाळ निवळल्यावर, छत्री बसवून घ्यावी. बसविणाऱ्यास आग्नेयेचा माड दाखवून जागा ठरवावी, आणि एमपेग-4 चालणारा बॉक्स मागावा, कारण स्वस्तांत विकल्या जाणाऱ्या जुन्या बॉक्सवर वाहिन्या कमी दिसतात. नंतर महिनाभर केबल आणि छत्री दोन्ही चालूं ठेवाव्यात व घरांत खरोखर काय काय पाहिलें जातें तें कॅलेंडरावर टिपावें. त्या यादींत सशुल्क वाहिनीची एकच मालिका निघाली, तर तेवढ्यापुरती एकच ओटीटी सेवा एकेक महिन्याच्या मुदतीनें घ्यावी; वर्षाची वर्गणी एकदम भरूं नये, आणि सांकेतिक आंकडा वडिलांच्याच मोबाइलवर येईल अशी तजवीज मुलाकडून आधीं करून घ्यावी. यादींत पांच-सहा मालिका आणि गांवची पालखी निघाली, तर केबलवाल्यास काढण्याचें कारण नाहीं. नको असलेल्या वाहिन्या तेवढ्या कमी करावयास सांगून बिल उतरवितां येतें. आणि केबल सोडलीच, तर त्याचा बॉक्स परत करतांना अनामत दिली असल्यास ती मागून घ्यावी व बॉक्स पोहोंचल्याची पावती जपून ठेवावी.